मुरूडच्या पडवींतील आठ दिवस

२०२५ सालच्या मे महिन्यांत आम्ही मुरूडास जावयास निघालों तेव्हां घरांत जें भांडण झालें तें एका लांब दांड्यांच्या चिमट्यावरून झालें. आमच्या वाचकभगिनींपैकीं बहुतेकींनीं हा चिमटा पाहिला असेलच. बिजागरीनें जोडलेले दोन चौकोनी पत्रे आणि हातभर लांबीच्या दोन दांड्या. मुंबईच्या पदपथावर सँडविचवाला पावाचे दोन काप ज्यांत दाबून कोळशाच्या शेगडीवर धरतो तेंच हें साधन. न्यू जर्सीहून सुटीला आलेल्या आमच्या चौदा वर्षांच्या पुतण्यानें तो तुळशीबागेंतून हौसेनें विकत आणला होता, आणि कोंकणांतल्या चुलीवर गरम सँडविच करून खावयाचें हा त्याचा व आमच्या दोन्ही मुलींचा बेत आधींच ठरून चुकला होता. चुलतबंधूंस हें ऐकून घाम फुटला. “आईच्या स्वयंपाकघरांत पाव?” हें त्यांनीं इतक्या खालच्या आवाजांत विचारलें, कीं जणूं तो शब्द दोनशें किलोमीटरांवर ऐकूं गेला असता. अखेर चिमटा पंच्यांत गुंडाळून पिशवीच्या तळाशीं गेला, आणि चोरीचा माल नेत असल्यासारखे आम्ही सारे गाडींत बसलों.

खरें सांगावयाचें तर आमच्याजवळ त्याहूनहि जड असें एक ओझें होतें. थोरल्या काकूंस त्या चैत्रांत त्र्यायशीं वर्षें पुरीं झालीं. काकांस जाऊन बारा वर्षें लोटलीं. तेव्हांपासून त्या मुरूडच्या घरांत एकट्या राहतात. पुण्यास आमच्याच इमारतींत दोन खोल्यांचें एक बिऱ्हाड रिकामें झालें होतें. काकूंनीं तेथें येऊन राहावें, मुरूडचें घर बंद करावें आणि आगर विकून टाकावें, असा चुलतबंधूंचा विचार होता, आणि त्यासाठींच ते तीन आठवड्यांची रजा काढून आले होते. काकू लहानपणापासून आमचें ऐकतात असा घरांत एक समज आहे. तो कोणीं पसरविला कोण जाणे. पण त्यामुळें विषय काढण्याचें काम आमच्याकडे आलें होतें.

पुण्याहून मुरूडास जावयाच्या वाटा अनेक आहेत. आम्हीं ताम्हिणी घाटाची धरिली. मुळशीचें पाणी मे महिन्यांत खालीं गेलेलें असतें, आणि उघड्या पडलेल्या तांबड्या काठांकडे पाहतांना १९२१ सालचा सत्याग्रह व सेनापति बापट यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. घाट उतरल्यावर हवा एकदम बदलली. माणगांवास चहा झाला. पुढें सावित्री ओलांडून मंडणगड, आणि तेथून वळणांमागून वळणें घेत दापोली. वाटेंत मुलांस पोटांत ढवळूं लागलें तेव्हां आम्हीं त्यांस सांगितलें, कीं आपण जेथें जात आहों त्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे लहानपणीं परीक्षेसाठीं साताऱ्यापर्यंत पायीं गेले होते, आणि तेथें पोंचल्यावर वय लहान दिसतें म्हणून त्यांस परीक्षेला बसूंच दिलें नाहीं. ह्यावर धाकट्या मुलीनें “मग परत पण चालत?” एवढेंच विचारलें आणि नंतर निमूटपणें आवळासुपारी चघळीत बसली.

दापोलीस इंग्रजांच्या लष्कराची छावणी होती, म्हणून जुनीं माणसें अजून ‘कँप दापोली’ म्हणतात. तेथील एका बेकरींत सँडविचचा मोठा पाव मिळाला. बाजारांतून कोथिंबीर, बीट व काकड्या घेतल्या. बटाटे, कांदे काकूंकडे असणारच. पाव गाडीच्या मागल्या कांचेपाशीं वर्तमानपत्राखालीं लपविण्यांत आला. पुढें आसूदचा उतार लागला. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२) ज्यांनीं वाचली आहे त्यांस हा मुलूख नवा वाटणार नाहीं. दोहों बाजूंस पोफळी, मधून वाहणारा पाट, आणि भर दुपारीं सुद्धां अंगावर येणारा गारवा. उतार संपला कीं समुद्राचा वास येतो, आणि थोडक्या वेळांत मुरूडची ती सरळ पाखाडी दिसूं लागते. दोहों बाजूंस घरें, घरांच्या मागें आगरें, आणि एका बाजूच्या आगरांपलीकडे सुरूचें बन व समुद्र.

आगर म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें दाट सांवली उभी राहील. आमच्याहि डोळ्यांपुढें तीच होती. परंतु ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्याला लागलें, आणि दापोली व मंडणगड तालुक्यांतल्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या. काकूंच्या आगरांतले अकरा माड व साठावर पोफळी पडल्या, घराचीं कौलें पाखाडीपर्यंत उडालीं, आणि न्हाणीघरावर आंबा कोसळला. ते टाळेबंदीचे दिवस होते. आम्हांस पुण्याहून निघतां येईना. तिकडे वीज नाहीं, फोन नाहीं. पांचव्या दिवशीं शेजारच्या मुलानें दापोलीहून फोन केला तेव्हां काकू जिवंत आहेत हें आम्हांस समजलें. ते पांच दिवस आमच्यापैकीं कोणी विसरलेलें नाहीं, आणि आमच्या साऱ्या शहाणपणाच्या मुळाशीं तेच पांच दिवस आहेत, हें कबूल केलें पाहिजे.

त्याच श्रावणांत काकूंनीं माडांचीं नऊ रोपें लावलीं. बाणवली जातीचा माड फळावयास सहा-सात वर्षें लागतात. त्या वेळीं काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर होतें. हा हिशेब आम्हीं त्यांस फोनवरून करून दाखविला होता. “मी कुठें घाई केली आहे?” असें त्या म्हणाल्या होत्या.

आम्ही पोंचलों तेव्हां त्या ओटीवर कुळीथ पाखडीत बसल्या होत्या. नातवास जवळ घेऊन त्यांनीं त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, आणि “तिकडे खायला घालतात कीं नाहीं?” असा न्यू जर्सीविषयींचा एकमेव प्रश्न विचारून त्या आंत गेल्या. त्या रात्रीं कुळथाचें पिठलें, ऊन भात, त्यावर तुपाची धार, भाजलेला पोह्याचा पापड आणि सोलकढी होती. दुसऱ्या दिवशीं कैरीची डाळ व पन्हें. काकूंची कैरीची डाळ कोरडी असते. हरभऱ्याची डाळ भिजवून वाटतांना त्या पाण्याचा थेंब पडूं देत नाहींत आणि फोडणी पूर्ण निवल्यावरच वर ओततात. पुण्याच्या चैत्रगौरींच्या हळदीकुंकवांत जी पिवळी चिखलवजा डाळ वाटींत पडते ती खाऊन ज्यांस ह्या पदार्थाविषयीं वाईट मत झालें असेल त्यांनीं एकदां कोंकणांत यावें.

तिसरा दिवस सांदणांचा. वादळांतून वांचलेला एक फणस विहिरीपाशीं उभा आहे आणि तो बरका आहे. कापा फणस चारचौघांत खाण्याचा. पण सांदणाला बरकाच पाहिजे, कारण त्याचे गरे चाळणीवर घासले कीं रस निघतो व चोथा वर राहतो. काकूंचें प्रमाण असें: तांदळाची जाडसर कणी दोन वाट्या, ती तुपावर किंचित् भाजलेली, तितकाच फणसाचा रस, दीड वाटी चिरलेला गूळ, एक वाटी नारळाचें दूध, आणि मीठ केवळ नांवाला. हें सारें कालवून दोन तास झांकून ठेवावें. कणी फुगली म्हणजे वाट्यांस तूप लावून त्यांत मिश्रण अर्ध्याच्या वर भरावें आणि वीस मिनिटें वाफवावें. मोदकपात्राच्या तळाशीं हळदीचें एक पान टाकलें तर वास निराळाच येतो, पण मे महिन्यांत तें पान मिळणें कठीण. काकू मागल्या वर्षीं वाळवून ठेवलेलें घालतात. सांदण उतरल्यावर गरमच नारळाच्या दुधांत बुडवून खावयाचें. आमच्या पुतण्यानें सहा खाल्लीं आणि सातव्या वेळीं “आजी, हा राइस केक आहे का?” असें विचारलें. काकूंनीं शांतपणें “हो, तोच” म्हटलें.

त्याच दुपारीं चिमटा सांपडला. काकू पंचा शोधावयास पिशवीपाशीं गेल्या आणि तो हातांत उलटासुलटा करीत ओटीवर आल्या. “हा कोण, सांडशीचा थोरला भाऊ?” चुलतबंधू अंगणांत कांहीं तरी पाहण्यासाठीं उठून गेले. मुलांनीं मात्र सर्व कांहीं सांगून टाकलें. पावसुद्धां गाडींतून काढून पुढें ठेवला. आतां काय होतें म्हणून आम्ही श्वास रोखून बसलों.

ह्या भीतीला आमच्याकडे इतिहास आहे. पाव हा शब्दच पोर्तुगीज. गोव्यांत तो पोर्तुगिजांबरोबर आला, आणि तेथील पोदेर माडाच्या सुरेनें पीठ फुगवीत. विहिरींत पावाचा तुकडा टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या गोष्टी आमच्या आज्या सांगत. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा व बिस्किटें पुढें आलीं तेवढ्यावरून ग्रामण्य माजलें आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें; न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखीं माणसें त्यांत सांपडलीं होतीं. आणि मुरूडविषयीं बोलावयाचें तर १८९३ सालीं कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला तेव्हां त्यांच्याबरोबर एका बैठकीवर कोणीं बसूं नये असा ठराव ह्याच गांवानें केला होता. काकू त्या काळच्या नव्हेत. पण त्यांच्या सासूबाई त्या काळच्या माणसांच्या हाताखालीं वाढलेल्या, आणि काकूंचें स्वयंपाकघर अजून बरेंचसें सासूबाईंचेंच आहे.

काकूंनीं पाव दाबून पाहिला, वास घेतला, आणि विचारलें, “हा भाजला केव्हां?”

“काल, आजी.”

“म्हणजे काल भाजलेला आज पुन्हां भाजायचा. शिळें तें शिळेंच.” थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “माझ्या चुलीवर नको. पडवींत तीन दगड मांडा आणि काय हवें तें करा. उंबऱ्याच्या आंत मात्र आणूं नका.”

बाटण्याचा प्रश्न नव्हता, शिळेपणाचा होता! आम्ही इतकीं वर्षें भलत्याच गोष्टीला भीत होतों.

आतां सँडविचाविषयीं दोन शब्द. सँडविच हें इंग्लंडांतील केंट परगण्यांतल्या एका गांवाचें नांव. अठराव्या शतकांत त्या गांवाच्या नांवानें पदवी धारण करणारे चौथे अर्ल पत्त्यांच्या डावावरून उठावें लागूं नये म्हणून पावांत मांस घालून मागवीत, असें सांगतात. ह्या खानदानी आळसाचें मुंबईंत जें रूप झालें तें मूळच्या अर्लसाहेबांस ओळखूं आलें नसतें. पावाला लोणी, त्यावर कोथिंबीर, पुदिना व हिरव्या मिरचीची चटणी, मग उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि प्रत्येक थरावर काळें मीठ व जिऱ्याचा मसाला. मुंबईच्या पदपथावर उभ्याउभ्यानें हा जिन्नस खाऊन ज्यांनीं कॉलेजचे दिवस काढले त्यांत आम्हीहि आहों.

पहिला घाणा सपशेल फसला. मुलांनीं तीन दगडांमध्यें ओल्या काटक्या पेटविल्या आणि चिमटा थेट ज्वाळेंत धरला. दोन मिनिटांत पाव बाहेरून कोळसा झाला, आंतला बटाटा थंडगार राहिला, आणि साऱ्याला धुराची कडवट चव आली. शिवाय चटणी पातळ होती. ती पावांत उतरून मधला भाग लगदा झाला. मुलें डोळे चोळीत बसलीं. पुतण्या तर रडकुंडीला आला होता, कारण हा सारा व्याप त्याचा.

काकू उंबऱ्याच्या आंत बसून हें पाहत होत्या. हात पावाला लावावयाचा नाहीं, पण चूल चुकीची पेटलेली पाहावयाची कशी? “अरे, ज्वाळेवर काय भाजतां? निखाऱ्यावर भाजायचें. त्या कोपऱ्यांत करवंट्या आहेत, त्या घ्या.” करवंट्या धडधडून जळतात आणि लवकरच धूर संपून लालबुंद निखारे राहतात. काकूंनीं उंबऱ्यावरूनच एकामागून एक आज्ञा सोडल्या. चटणी फडक्यांत बांधून तिचें पाणी काढा. काकडी व टोमॅटो मीठ लावून निथळत ठेवा. लोणी पावाला अगदीं कडेपर्यंत लावा, म्हणजे ओल आंत शिरणार नाहीं. बटाटा गरम असतांनाच कापून भरा. पत्र्यांना आंतून लोणी चोळा. ह्यापैकीं एकहि गोष्ट त्यांनीं कधीं केलेली नव्हती. पण ज्या बाईनें साठ वर्षें मोदकाची उकड, घावन आणि पोहे ओलीच्या व आंचेच्या हिशेबानें सांभाळले तिला पावाचा स्वभाव कळावयास कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या घाण्याला निखाऱ्यांवर एका बाजूस तीन मिनिटें, दुसऱ्या बाजूस अडीच. चिमटा उघडला तेव्हां पाव सोनेरी होऊन त्याच्या कडा एकमेकींस चिकटल्या होत्या, आणि चाकू घातल्याबरोबर कुरकुर असा आवाज झाला. पडवींत कोणी बोलेना. बारा सँडविचें झालीं. पाव संपला म्हणून थांबलों, नाहीं तर थांबलों नसतों. चुलतबंधूंनीं चार खाल्लीं आणि आईकडे पाहण्याचें टाळलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काकूंनीं चिमटा मागून घेतला व तो चिंच लावून घासला. त्यांनीं रात्रींच तीन वाट्या तांदूळ व एक वाटी उडदाची डाळ वाटून आंबवून ठेवली होती. भिड्यावर त्यांनीं पत्र्याच्या मापाच्या लहान, जाडसर आंबोळ्या घातल्या. कच्च्या गऱ्यांची भाजी, आठळ्यांसकट, कोरडी परतली. आणि दोन आंबोळ्यांच्या मध्यें ती भाजी व ओलें खोबरें घालून चिमटा स्वतः निखाऱ्यावर धरला. हें मात्र त्यांच्याच चुलीवर. पहिली जोडी पत्र्याला चिकटून फाटली. दुसऱ्या वेळेस त्यांनीं खोबरेल तेल चोळलें व आंबोळी पूर्ण निवूं दिली, आणि ती सुबक निघाली. हा प्रकार आम्हीं पुण्यास आल्यावर चारदां केला आहे. आमचें प्रामाणिक मत असें, कीं आंबोळी फार मऊ असली तर मजा जाते. पीठ किंचित् घट्ट असावें आणि आंबोळी आदल्या वेळची असली तरी चालते. हें शेवटचें वाक्य काकूंस दाखवूं नये.

त्यांनीं अर्धी जोडी स्वतः खाल्ली. “बरी लागते,” म्हणाल्या. पुतण्यानें विचार करून सांगितलें, कीं पावाचें जास्त कुरकुरीत होतें, पण ह्यांतली भाजी जास्त चांगली आहे. काकूंस हा निवाडा पसंत पडलासा दिसला.

त्या वर्षीं पावसानें सर्वांचाच अंदाज चुकविला. एरव्हीं जूनच्या सात-आठ तारखेला येणारा मोसमी पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांतच कोंकणांत उतरला, आणि त्याच्या आधीं कित्येक दिवस वळवानें झोडपलें. अंगणांत आंब्याचीं साठें वाळत होतीं. ताटांना तुपाचा हात फिरवून त्यांवर रसाचा पातळ थर द्यावयाचा, तो सुकला कीं दुसरा. चार दिवसांच्या उन्हांत काकूंनीं चार थर चढविले होते. पांचव्या दिवशीं दुपारीं तीनच्या सुमारास समुद्राकडून काळें आभाळ आलें आणि पांच मिनिटांत पाऊस. आम्ही सारे अंगणांत धांवलों. अकरा ताटांपैकीं सहा वांचलीं. भिजलेल्या पांचांतला रस काकूंनीं एक शब्द न बोलतां कढईंत खरवडला, साखर घातली, आणि संध्याकाळपर्यंत ढवळून त्याचा गोळा केला. मुलींनीं आळीपाळीनें कालथा धरला. हाताला चटके बसले. पण घट्ट होत जाणारा रस भांड्यापासून सुटूं लागतो तो क्षण कोणता, हें त्या दोघींस आतां कळतें.

त्या रात्रीं वीज गेली. पडवींत निखारे होते, मुलें त्यांत आठळ्या भाजीत होतीं, आणि बाहेर पाऊस चालू होता. तेव्हां चुलतबंधूंनींच विषय काढला, कारण आम्ही पांच दिवस तो काढूं शकलों नव्हतों. त्यांनीं चांगल्या रीतीनें सांगितलें. रिकामें बिऱ्हाड, जवळचा दवाखाना, खालींच भाजीवाला, आमची सोबत. आणि मग थांबून, अडखळत, २०२० सालचे ते पांच दिवस. ते तिकडे रात्रीं उठून फोन पाहतात, कांहीं आलें नाहीं ना म्हणून, हेंहि त्यांनीं सांगितलें. हें आम्हांसहि ठाऊक नव्हतें.

काकूंनीं सारें ऐकून घेतलें. “तुझें चूक नाहीं,” म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, “आणि तुझें काय म्हणणें?”

आम्ही म्हणालों, कीं आम्हांलाहि भीति वाटते. दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

“मला पण वाटते,” काकू म्हणाल्या. “वारा सुटला कीं वाटते. पण तिथें सकाळीं उठून मी करूं काय?” ह्या प्रश्नाचें उत्तर दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडांत नव्हतें, आणि आमच्याजवळहि नव्हतें.

सकाळीं पाऊस थांबल्यावर त्या आम्हांस आगरांत घेऊन गेल्या. नऊ रोपांपैकीं सात जगलीं आहेत. पाटाच्या वळणावरच्या माडाला, लावून पांच पावसाळे झालेले असतांना, पहिली पोय आली होती. तिच्यांत हरभऱ्याएवढीं हिरवीं बोंडें दिसत होतीं. “पहिल्या पोयीचीं बहुतेक गळतात,” काकू म्हणाल्या. “एखादा राहिला तर राहिला. पण कुठला राहिला तें बघायला कोणी तरी हवें.” चुलतबंधू त्या माडाच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ उभे राहिले. त्यानंतर मुक्कामांत तो विषय पुन्हां निघाला नाहीं. निर्णय झाला असेंहि नाहीं. शेजारच्या मुलानें रोज रात्रीं ओटीवर निजावयास यावें व त्याच्या शिक्षणाचा खर्च चुलतबंधूंनीं द्यावा एवढें मात्र ठरलें, आणि न्हाणीघराला नवें कौलारू करावयाचें पैसे काकूंनीं पहिल्यांदाच मुकाट्यानें घेतले.

निघतांना गाडींत फणसपोळ्या, वांचलेल्या साठांपैकीं चार, कुळथाचें पीठ, आणि आंब्याचा तो आटवलेला गोळा पितळी डब्यांत बसला. काकू पाखाडीच्या टोंकापर्यंत आल्या. माणगांवास चहासाठीं थांबलों तेव्हां पुतण्यानें सगळ्या पिशव्या उपसल्या. पंचा होता, चिमटा नव्हता. चुलतबंधूंनीं मुरूडास फोन लावला.

“माझ्याकडे आहे,” काकू म्हणाल्या. “पापड फार सुरेख भाजतो. पुढल्या मे महिन्यांत याल तेव्हां पाव पुण्याहून आणा आणि ताजा आणा. दापोलीचा मला कांहीं पसंत नाहीं.”